बास गिटारची घोडी

तंबोऱ्याच्या खुंट्या पिळणें कोणाहि होतकरू गवयाला साधतें. परंतु घोडीची जवारी काढण्याचें काम मिरजेच्या एखाद्या जाणत्या कारागिराकडेच सोंपवावें लागतें. घोडीच्या किंचित् बांकदार माथ्यावर तार अलगद टेकते, तिच्याखालीं दोरा सरकवून नेमक्या जागीं आणला म्हणजे ती बोलूं लागते, आणि त्या एवढ्याशा पट्टींतून असें स्वरजाल उठतें कीं, १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं त्याच्या शास्त्रीय कारणाविषयीं निबंध लिहिला. तंतुवाद्याचा आवाज घोडीवर पुष्कळसा ठरतो, ही गोष्ट म्हणून आपल्याकडे कोणास पटवून द्यावी लागत नाहीं. अमेरिकेंत जन्मलेल्या एका तरुण वाद्याच्या बाबतींत मात्र घोडीची ही महती बऱ्याच उशिरा ध्यानांत आली. आणि ती एकदां ध्यानांत आल्यावर तिच्यावर जरूरीपेक्षां जास्त भरंवसा ठेवण्यांत आला. हें वाद्य म्हणजे इलेक्ट्रिक बास गिटार.

अमेरिकन नृत्यवाद्यवृंदांत खर्ज सांभाळण्याचें काम पूर्वीं डबल बास या माणसाहून उंच अशा सारंगीवजा वाद्याकडे असे. पितळी वाद्यें व नगारे यांच्या गदारोळांत त्याचा आवाज बुडून जाई, तें गाडीवर बांधून गांवोगांव नेणें हा एक व्यापच होता, आणि त्याच्या दांडीवर पडदे नसल्यामुळें सूर केवळ कानाच्या व हाताच्या आधारानें शोधावा लागे. सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क यांनीं १९३० नंतरच्या दशकांत पडदे असलेली, आडवी धरून वाजविण्याची एक विजेची बास तयार केली होती. पण ती फारशी खपली नाहीं. तें श्रेय गेलें कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या लिओ फेंडर यांच्याकडे. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे, आणि कदाचित् त्यामुळेंच जुन्या वाद्यकारांची भीड त्यांनीं बाळगली नाहीं. १९५१ सालीं त्यांनीं एका भरीव लाकडी फळीला ३४ इंच, म्हणजे सुमारें ८६ सेंटिमीटर, तारलांबीची पडदेदार दांडी जोडून चार तारांची बास गिटार बाजारांत आणली. पडद्यांमुळें सूर अचूक लागणार, म्हणून तिचें नांव ठेविलें 'प्रिसिजन', अर्थात् काटेकोर.

या काटेकोर वाद्याची घोडी पाहिली म्हणजे मात्र गंमत वाटते. मागची कड वर वळविलेला एक पोलादी पत्रा. त्या कडेंतून आंत आलेले दोन लांब स्क्रू. आणि प्रत्येक स्क्रूच्या टोकाशीं एक आडवा टेकू. या टेकूंना तेथील कारागीर सॅडल म्हणतात. आरंभीं ते दाबून घट्ट केलेल्या फायबरचे असत, पुढें धातूचे झाले. तारा फळीच्या पाठीमागून लाकडांतून ओंवून वर घेतलेल्या असत. तारा चार, पण टेकू मात्र दोनच! दर दोन तारांना एकच टेकू वांटून घ्यावा लागे.

यांत बिघडलें काय, हें समजण्यासाठीं तारेचा स्वभाव थोडा पाहिला पाहिजे. तार पडद्यावर दाबली कीं ती किंचित् ताणली जाते व सूर हिशेबापेक्षां चढतो. तार जितकी जाड तितकी ती ताठर, आणि तितका हा चढहि अधिक. तो फेडण्यासाठीं टेकू कांहीं मिलिमीटर मागें सरकवून तारेची लांबी वाढवितात. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि त्याच ठिकाणीं तार दाबून निघणारा सूर एक झाला म्हणजे टेकू जागेवर आला असें मानतात. चारी तारांची जाडी निराळी, तेव्हां चौघींच्या टेकूंची जागाहि निराळी हवी. दोघींना एकाच टेकूवर बसविलें कीं एकीला न्याय देतांना दुसरीवर अन्याय होणारच. पडद्यांनीं कमावलेला काटेकोरपणा घोडीनें असा थोडाथोडा गमावला होता. १९५७ सालीं प्रिसिजनची रचना पालटली, तेव्हां प्रत्येक तारेला स्वतंत्र टेकू मिळाला आणि तारा लाकडांतून न ओंवतां घोडीच्या मागच्या कडेलाच अडकविण्यांत येऊं लागल्या. पत्रा मात्र तसाच साधा राहिला. पुढील सत्तर वर्षांत 'घोडी बदलणें' या नांवाखालीं जें कांहीं घडलें, तें बहुतांशीं याच वांकविलेल्या पत्र्याविरुद्ध.

त्या काळीं त्या पत्र्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण लांब घुमणारा सूर कोणाला नकोच होता. बास गिटारनें डबल बासची जागा घ्यावयाची होती. डबल बासचा छेडलेला सूर भरीव पण तोकडा, ठोका देऊन विरून जाणारा. म्हणून फेंडर यांनीं घोडीवर एक चकचकीत धातूचें झांकण बसविलें आणि त्याच्या आंत मऊ दाबणीचा तुकडा चिकटविला, जो तारांवर टेकून त्यांची आस आंखूड करी. (आस म्हणजे छेडल्यानंतर सूर रेंगाळतो ती, गवयांचा हा जुना शब्द येथें चपखल बसतो.) १९६० सालीं आलेल्या 'जॅझ बास'च्या पहिल्या नगांत तर प्रत्येक तारेला आपली स्वतंत्र दाबण होती. वाद्य बनविणाऱ्यानेंच आपल्या वाद्याचा गळा हलकेच आवळून ठेवावा, हें आज चमत्कारिक वाटेल. पण मागणीच तशी होती.

हा आवळलेला गळा कसा गातो, हें डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसन यांनीं दाखविलें. मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांमागें १९६२ ची एक प्रिसिजन बास त्यांच्या हातीं होती. जाड, गुळगुळीत वेष्टनाच्या तारा, त्याहि शक्यतों न बदललेल्या; झांकण जागच्या जागीं, आंतील दाबणहि शाबूत; आणि छेडणारी तर्जनी एकटीच. कारखान्यांतून निघालेली स्वस्तांतली घोडी त्यांनीं कधीं बदलली नाहीं. जेमरसन १९८३ सालीं वारले, परंतु आजहि बास शिकणारा मनुष्य त्यांच्या चालीं कानानें उतरवून घेतो. मागून सुधारणावाद्यांनीं ज्या गोष्टी दोष म्हणून मोजल्या, म्हणजे हलका पत्रा, तोकडी आस आणि मंद झालेल्या तारा, त्याच तेथें गुण झाल्या होत्या.

नंतर वारें फिरलें. १९६६ च्या सुमारास इंग्लंडांत जॉन एंटविसल यांच्या सहकार्यानें रोटोसाउंड कंपनीनें गोल वेष्टनाच्या, पियानोसारख्या खणखणाऱ्या तारा तयार केल्या. कॅलिफोर्नियांत लॅरी ग्रॅहम अंगठ्यानें तारेवर प्रहार करून ढोलाचें काम बासकडून करून घेऊं लागले. बास आतां मागच्या रांगेंतून पुढें आली. तिला एकल वादन करावयाचें होतें, आणि त्यासाठीं लांब आस हवी होती. झांकणें निघालीं व पेट्यांच्या तळाशीं पडलीं. १९६९ सालीं स्थापन झालेल्या अलेंबिक या कंपनीनें घोडी पितळेची केली आणि तिच्याखालीं लाकडांत पितळेचा जड ठोकळाहि पुरला; स्टॅन्ले क्लार्क यांच्या वादनामुळें त्या वाद्यांचा बोलबाला झाला. असें वाद्य विकत घेण्याची ऐपत थोड्यांची. पण केवळ जड घोडी विकत घेऊन ती आपल्या जुन्या फेंडरवर बसविणें अनेकांच्या आवांक्यांतलें होतें, आणि याच दशकांत 'लिओ क्वान बॅडअ‍ॅस' या छापाची घोडी बाजारांत आली. तिची दुसरी आवृत्ति फेंडरच्या जुन्या पांच स्क्रूंच्या छिद्रांवर तंतोतंत बसे, नवें भोंक पाडावें लागत नसे. खप होण्याचें निम्मे रहस्य यांतच असावें. तिचे टेकू मात्र खांच न पाडलेले येत, आणि तारेच्या जाडीप्रमाणें ती खांच कानशीनें आपण पाडावी लागे. गेडी ली व मार्कस मिलर यांच्या जॅझ बासवर ही घोडी दिसूं लागल्यावर, ती नसलेली बास म्हणजे अपुरी, अशी तरुण वादकांची समजूत झाली.

जड घोडीनें आस खरोखर किती वाढते? विकणारे 'पुष्कळ' म्हणतात. या प्रश्नाकडे मापें घेऊन पाहणारे एक जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट फ्लायशर. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रिक गिटार व बास यांच्या तारांचीं टोकें किती हलतात हें मोजलें. असें आढळून आलें कीं, घोडीकडील टोक जवळजवळ स्थिर असतें. तारेची शक्ति गळून जाते ती मुख्यतः दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे लांब व लवचिक दांडींतून. दांडीचा स्वतःचा कंप आणि तारेचा सूर यांची जेथें गांठ पडते, तेथें सूर उमटतांच मरतो. फेंडर पद्धतीच्या बासवर बारीक तारेच्या पांचव्या-सातव्या पडद्याजवळ हा अनुभव बहुतेक वादकांनीं घेतलेला असतो. अशा मेलेल्या सुरावर कितीहि पितळ ओतलें तरी तो उठून बसत नाहीं, कारण रोग एका टोकाला व औषध दुसऱ्या टोकाला. साधा पत्राहि लाकडावर घट्ट आंवळलेला असतां बराच स्थिर असतो. जड घोडीनें आवाजाच्या आरंभींच्या टणत्कारांत थोडा फरक पडतो असें अनेक अनुभवी वादक सांगतात, आणि तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. पण घोडी बदलतांना ताराहि नव्या चढविल्या जातात, उंची नव्यानें लावली जाते, सैल स्क्रू आवळले जातात, आणि या साऱ्याचें श्रेय एकट्या घोडीच्या पदरीं पडतें.

मग घोडी बदलूंच नये असें नाहीं. घोडी झिजते. टेकूंचे बारीक स्क्रू घामानें गंजतात व जाम होतात, वाजवितांना खडखडतात, किंवा हाताच्या घासण्यानें हळूहळू खालीं उतरतात. तारा टेकूच्या दातऱ्यावरून आडव्या घसरतात. दोन टेकूंची जुनी घोडी बाळगणाऱ्याला चारी तारा सुरांत हव्या असतील, तर त्याला दुसरा इलाज नाहीं. रिकनबॅकर कंपनीच्या १९५७ पासूनच्या बासची गोष्ट तर वेगळीच: तिची ओतीव घोडी मागील बाजूस पुरेशी आंवळलेली नसल्यामुळें चार तारांच्या ताणानें, आणि हा ताण साधारणपणें दीडशें पौंडांहून अधिक असतो, शेपटाकडून वर उचलली जाते. तेथें दुसऱ्या कारखान्याची घोडी बसविणें ही चैन नसून दुरुस्ती होय.

निवड करतांना धातूच्या आधीं मोजपट्टी हातीं घ्यावी लागते. फेंडर पद्धतींत दोन शेजारच्या तारांमधील अंतर घोडीपाशीं पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर, असतें. इतर कारखान्यांचें अनेकदां याहून कमी. हें अंतर चुकलें तर कडेची तार दांडीच्या कांठावरून घसरते, किंवा तारा पिक-अपच्या चुंबकांवरून बाजूला पडतात. स्क्रूंचीं छिद्रें जुळतात कीं नाहीं, आणि टेकू मागें-पुढें सरकण्यास पुरेशी जागा आहे कीं नाहीं, हेंहि तितकेंच महत्त्वाचें. उंचीकडे मात्र पुष्कळांचें दुर्लक्ष होतें: जड घोडीचा तळ पत्र्याहून जाड असतो, त्यामुळें टेकू अगदीं तळाला नेले तरी तारा पडद्यांपासून उंच राहतात, आणि मग दांडीच्या सांध्यांत पातळ पाचर घालण्याची पाळी येते. घोडीखालून अर्थिंगची एक बारीक तार आलेली असते. ती नव्या घोडीला टेकली नाहीं तर ध्वनिवर्धकांतून अखंड गुणगुण ऐकूं येते, व हौशी मनुष्य बिचारा पिक-अपला दोष देत बसतो.

खरें नुकसान होतें तें लाकडाचें. न जुळणारी घोडी बसविण्यासाठीं १९७० नंतरच्या उत्साहांत कित्येक जुन्या बासच्या फळ्यांत नवीं छिद्रें पाडलीं गेलीं, कांहींच्यांत पितळी ठोकळ्यांसाठीं खळगे कोरले गेले. पुढें त्याच वाद्यांना संग्राहकांकडून मोठी किंमत येऊं लागली, तेव्हां तीं छिद्रें बुजवूनहि लपेनात. आज जाणते दुरुस्तीकार मूळ छिद्रांवर बसणारी घोडीच सुचवितात आणि काढलेला पत्रा, टेकू व स्क्रू एका पुडक्यांत बांधून वाद्याच्या पेटींत ठेवावयास सांगतात. फेंडर कंपनीनें तर इंग्लिश गायक-वादक स्टिंग यांच्या नांवानें काढलेल्या प्रिसिजनवर जुनी दोन टेकूंचीच घोडी पुन्हां बसविली. आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळीं जेमरसन यांचा तो तोकडा, भरीव सूर हवा झाला कीं, महागड्या पितळी घोडीचे मालकहि स्पंजाचा एक तुकडा कापून टेकूंच्या पुढें तारांखालीं सरकवितात.