काचेतील सागर आणि फेस काढण्याची विद्या

गुऱ्हाळावर एखादी रात्र काढलेल्या माणसास मळी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. काहिलीतील रस तापू लागला, त्यात भेंडीचा चिकट रस पडला, की उसाच्या रसातील घाण फेसाबरोबर वर येते. गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो आणि खाली नितळ रस उरतो. जे गाळण्यात अडकत नाही ते फेसात अडकते, हे ज्ञान आपल्या शेतकऱ्यांस फार जुने आहे. खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत जिवंत पोवळी आणि रंगीत मासे पाळणाऱ्या पाश्चात्त्य शौकिनांस मात्र तेथवर पोचावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या विद्येतून जे यंत्र निघाले त्यास आज ‘प्रोटीन स्किमर’ म्हणतात. बाजारात त्याचे इतके प्रकार आहेत की नवखा माणूस भांबावून जातो. त्याने प्रथम ह्या यंत्राचा इतिहास ऐकावा, असे मला वाटते. कारण यंत्र कोणत्या अडचणीतून जन्मास आले हे कळले, की ते कसे पारखावे हेही बरेचसे कळते.

ही हकीकत १८४६ साली सुरू होते. ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरील काही जिवंत पोवळी लंडनला आपल्या घरी आणली. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये धर्माधिकारी होते. म्हणजे घर भर शहरात आणि समुद्र कोठल्या कोठे दूर. पाणी नासू नये म्हणून बाईंनी युक्ती काढली, आणि ती राबविली त्यांच्या मोलकरणीने. उघड्या खिडकीपाशी उभे राहून ती खारे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात ओतीत राही. रोज अर्धा-पाऊण तास हा उद्योग चाले. पाण्यात हवा मिसळली आणि पोवळी जगली. आजच्या विजेच्या पंपांची वंशावळ लावावयाची झाली, तर ह्या मोलकरणीचे हात हेच मूळ पुरुष म्हणावे लागतील!

पुढे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यातील मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी ह्यांचा परस्परांशी मेळ कसा बसतो हे दाखवून दिले. वनस्पती प्राणवायू देते, प्राणी तिला अन्न देतो, गोगलगाय कुजके खाऊन टाकते. ही ‘समतोला’ची कल्पना लोकांस फार आवडली. काचेवरील कर ब्रिटनमध्ये १८४५ सालीच उठला होता, त्यामुळे काचपेट्याही आवाक्यात आल्या. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाऊस’ उघडले. फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञाचा त्यात मोठा हात होता. त्याच्या १८५४ सालच्या ‘दि ॲक्वेरियम’ ह्या ग्रंथाने तर घरोघरी समुद्र पाळण्याचे वेड लावले. वेडाची किंमत किनाऱ्याने दिली. गॉसचा पुत्र एडमंड ह्याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात, आपल्या बालपणीचे सुंदर खडकाळ किनारे संग्राहकांनी कसे ओरबाडून नेले ह्याविषयी खेद केला आहे. वडिलांच्या पुस्तकाचा त्यात वाटा होता, हेही तो लपवीत नाही.

आणि इतके ओरबाडून आणलेले जीव जगत तरी किती? समतोलाची कल्पना तळ्यातील माशांस लागू पडली, समुद्रजीवांस सहसा पडली नाही. विल्यम आल्फर्ड लॉइड ह्या व्यवहारी गृहस्थाने हे ओळखले. हँबर्ग येथील १८६४ सालचे आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८७१ सालचे मत्स्यालय ही त्याची कामे. प्रदर्शनाच्या टाक्यांखाली अंधारात खाऱ्या पाण्याचे प्रचंड हौद बांधावयाचे आणि ते पाणी पंपाने सतत फिरवीत ठेवावयाचे, ही त्याची पद्धत. घाण काढावयाची नाही. ती इतक्या पाण्यात विरवावयाची, की तिचा उपद्रव होऊ नये. सरकारी किंवा संस्थेच्या मत्स्यालयास हे परवडते. समुद्र दाराशी असेल तर काम आणखी सोपे; मुंबईस १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय चौपाटीलगत मरीन ड्राइव्हवर उभारले गेले, ते उगीच नव्हे. पण समुद्रापासून शेकडो मैलांवर, चार हात लांबीची पेटी बाळगणाऱ्या गृहस्थाने काय करावे? त्याने हौद कोठे बांधावा?

त्याची खरी अडचण डोळ्यांस दिसत नसे. मासा खातो, विष्ठा टाकतो, त्याच्या अंगावरील बुळबुळीत द्रव्य पाण्यात उतरते, पोवळी श्लेष्मा सोडतात, शैवाल झिजते. ह्यातील पुष्कळसे पाण्यात विरघळून जाते. कापसाच्या किंवा वाळूच्या गाळणीतून ते खुशाल पार होते. मग जंतू त्यावर काम करतात. त्यातून प्रथम अमोनिया, मग नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट तयार होते. अमोनिया माशांस विषासारखा, तर साचलेल्या नायट्रेटने शैवाल माजून पोवळी गुदमरतात. पाणी हळूहळू पिवळट पडते. म्हणून प्रश्न असा होता, की हे विरघळलेले द्रव्य कुजण्यापूर्वीच पाण्याबाहेर कसे काढावे?

उत्तर किनाऱ्यावरच लोळत होते. पावसाळ्यात गोव्याच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की लाटांनी घुसळलेला जाड पिवळट फेस वाळूवर थरथरताना दिसतो. (वैद्यांच्या बटव्यातील समुद्रफेस निराळा, ते माकूल जातीच्या प्राण्याचे कवच होय.) हा खरा फेस होतो तो समुद्रातील विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांमुळे. त्यांच्या पुष्कळ रेणूंचे एक टोक पाण्यास धरून राहते आणि दुसरे पाण्यापासून पळते. असा रेणू जेथे पाणी आणि हवा भेटतात तेथेच सुखाने राहतो. म्हणून बुडबुडा दिसला की तो त्याच्या अंगास चिकटतो. जितके बुडबुडे बारीक, तितकी चिकटण्यास जागा अधिक. एक लिटर हवेचा एकच गोळा केला, तर त्याचा पृष्ठभाग वीतभर चौरसाहून फारसा मोठा भरत नाही. तीच हवा एक मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली, तर पृष्ठभाग सहा चौरस मीटर होतो. अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली, तर बारा! खाऱ्या पाण्यातील बारीक बुडबुडे एकमेकांत सहजी मिसळत नाहीत, आणि म्हणूनच ही युक्ती समुद्राच्या पाण्यात जितकी फळते तितकी गोड्या पाण्यात फळत नाही.

खाणवाल्यांनी ह्या तत्त्वाचा उपयोग आधीच केला होता. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे विसाव्या शतकाच्या आरंभी खनिजाचे चूर्ण फेसावर तरंगवून जस्त वेगळे काढू लागले. ज्या टेकड्या टाकाऊ म्हणून पडून होत्या त्यांतून धन निघाले. मत्स्यालयांत हे तत्त्व आणण्याचे श्रेय बहुतेक जर्मनांकडे जाते. १९६० नंतरच्या दशकात एर्विन झांडर ह्यांच्या यंत्रांमुळे ते शौकिनांच्या घरी पोचले. यंत्र साधेच होते. एक उभी पारदर्शक नळी. तळाशी लिंडेन वृक्षाच्या लाकडाचा सच्छिद्र ठोकळा, त्यातून हवेचे धुरासारखे बारीक बुडबुडे वर जावयाचे. पाणी मात्र वरून खाली उतरावयाचे. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध चालल्याने त्यांची गाठ अधिक वेळ पडते. वर निमुळत्या मानेतून फेस चढतो आणि पेल्यात सांडतो. पेल्यात जे जमते ते कडक चहाच्या रंगाचे असते. वासाविषयी न बोललेले बरे.

ह्याच सुमारास पूर्वेकडून निराळा आवाज उठला. जकार्ता येथील ली चिन एंग ह्यांनी १९६१ साली लिहिले, की समुद्रातील जिवंत खडक पेटीत ठेवा, थोडी हवा सोडा, आणि बाकीचे निसर्गावर सोपवा. त्यांच्या दाराशी समुद्र होता, हे विसरता कामा नये. तरीही खडकाविषयी ते बरोबर होते. त्याच्या छिद्रांत राहणारे जंतू पाणी शुद्ध करतात. ह्या दोन विचारांचा संगम झाला बर्लिनमध्ये, आणि माझ्या मते ह्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना तीच. पीटर विल्केन्स ह्यांनी १९७३ सालच्या आपल्या ग्रंथात पोवळ्यांच्या संगोपनाचा पाया घातला. पोवळ्यांचा सांगाडा वाढावा म्हणून पाण्यात चुन्याची निवळी घालण्याची रीत त्यांचीच. पुढे डीट्रिख श्ट्यूबर आणि त्यांचे बर्लिनचे सोबती ह्यांनी जिवंत खडक, प्रखर प्रकाश आणि जोरकस स्किमर ही त्रयी पक्की केली. पूर्वी जी नाजूक पोवळी काही महिन्यांत मरत, ती आता फांद्या फुटून वाढू लागली. श्ट्यूबर ह्यांच्या पेटीतील एका ॲक्रोपोरा पोवळ्याच्या फांद्या इतक्या जणांनी नेऊन वाढविल्या, की ते पोवळे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. गॉसच्या काळी पेटी भरावयाची म्हणजे किनारा रिता करावयाचा. आता एका पेटीतून दुसरी भरू लागली.

ह्याला विरोधकही होते. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर ॲडी म्हणत, की फेसाबरोबर प्लवकांसारखे उपयुक्त सूक्ष्म जीवही निघून जातात; त्यापेक्षा शैवाल वाढवावे आणि तेच खरवडून काढावे. मोनॅको येथील झाँ झोबेर ह्यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून स्किमरावाचून पोवळी वाढविली. म्हणजे स्किमर हा एकमेव मार्ग नव्हे. पण थोड्या जागेत, थोड्या चुकांनिशी, सामान्य माणसास साधेल असा मार्ग तोच ठरला.

मग यंत्रे बदलत गेली. लाकडी ठोकळे महिन्या-दीड महिन्यात मंदावत, म्हणून पाण्याच्या वेगाने हवा ओढून घेणारी व्हेन्चुरी नळी आली. नंतर पंपाच्या चाकास सुयांसारखे दाते बसवून हवा चिरडणारी यंत्रे आली, आणि आज घरगुती पेट्यांत बहुधा हीच दिसतात. प्रत्येक कारखानदार आपलेच यंत्र अजोड असल्याचे सांगे. २००९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन ह्यांनी निरनिराळ्या बनावटीची यंत्रे घेऊन प्रत्यक्ष मोजमाप केले. पाण्यातील मोजता येणाऱ्या सेंद्रिय कार्बनापैकी सुमारे २० ते ३० टक्केच स्किमर काढू शकतो, उरलेल्यास तो हातच लावू शकत नाही, आणि यंत्रायंत्रांतील फरक जाहिरातींच्या मानाने अगदी थोडा आहे, असे त्यांस आढळले. पेल्यातील गाळाची परीक्षा केली, तर त्यात चुना आणि वाळूच्या जातीच्या निरिंद्रिय द्रव्यांचाच भरणा मोठा निघाला. ‘प्रोटीन’ हे नाव ह्या यंत्रास कौतुकानेच चिकटले म्हणावयाचे!

ह्यावरून निवडीचे तारतम्य येते. डब्यावर छापलेल्या लिटरांपेक्षा आपल्या पेटीत मासे किती आणि आपण त्यांस खाऊ किती घालतो, ते पाहावे. फार लहान यंत्र कमी पडते हे उघड आहे. पण फार मोठेही नको, कारण पाण्यात पुरेसे द्रव्य नसले तर रुंद मानेत फेस टिकतच नाही. पेला सहज निघतो का आणि मान हाताने पुसता येते का, हे दुकानातच करून पाहावे. मानेस ओशट थर धरला की फेस खाली बसतो. यंत्र ज्या कप्प्यात ठेवावयाचे तेथील पाण्याची पातळी स्थिर राहिली पाहिजे. आपल्याकडील श्रोत्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. खडक बांधणारी पोवळी भारतात २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली. तेव्हा मालवणच्या किंवा अंदमानच्या समुद्रातून पोवळे उचलून आणणे हा शौक नव्हे, गुन्हा आहे. खाऱ्या पाण्यातील मासे पाळणाऱ्यास मात्र स्किमर तितकाच उपयोगी पडतो. नवे यंत्र बसविल्यावर पहिले काही दिवस त्याचा फेस ठरत नाही. कधी भसाभस सांडतो, कधी येतच नाही. तोवर रोज झडप फिरवीत बसू नये. आतील नवेपणाचा ओशटपणा धुऊन निघाला की फेस आपोआप ठिकाणावर येतो.