नाथानची वही

आज एका लेखनिकाविषयी बोलायचे आहे. गुरूही येतील, पण त्याच्या वहीतून.

अठराव्या शतकात पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये हासिदी पंथ उभा राहिला. त्याचे प्रवर्तक बाल शेम तोव. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. कुणीतरी त्यांची वचने लिहून ठेवली होती. ती वही चाळून ते म्हणाले, यात माझा एकही शब्द नाही! वर्गात सॉक्रेटिस शिकवताना आम्हाला ही कथा फार उपयोगी पडे.

त्यांचाच पणतू नाखमन (१७७२–१८१०). १८०२ मध्ये ते युक्रेनमधल्या ब्रात्स्लावला राहायला आले आणि जवळच्या नेमिरोव गावचा नाथान त्यांना येऊन मिळाला. वय बाविशीचे. घरच्यांना हे अजिबात रुचले नाही.

आता अडचण बघा. नाखमन यांची मोठी प्रवचने शब्बाथला किंवा सणाला होत आणि त्या दिवशी लिहिणे धर्माने निषिद्ध. म्हणजे नुसते ऐकायचे, डोक्यात धरून ठेवायचे, आणि दिवस सरल्यावर लेखणी उचलायची. त्यात बोलणे यिद्दिशमध्ये, लिहायचे हिब्रूत. मग गुरूचे शब्द म्हणून जे उरले ते नेमके कुणाचे? नाथान लिहिलेले गुरूंना दाखवी, तेही दुरुस्त करीत, हे खरे. पण आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती एक छोटी सवय. ‘लिकुतेय मोहरान’ या प्रवचनसंग्रहात काही पाठांवर ‘ही आमच्या गुरूंचीच भाषा’ अशी नोंद आहे. काही पाठ इतर शिष्यांनी लिहिलेले, तर तेही तसे सांगितले आहे. भक्त माणूस सहसा इतका हिशेबी नसतो.

या संग्रहाचा पहिला भाग १८०८ मध्ये ओस्त्रोहला छापला गेला. त्याच वर्षी नाखमन क्षयावरच्या उपचारासाठी लेम्बर्गला होते. त्यांचा आणखी एक ग्रंथ नाथानने त्यांच्या तोंडून उतरवून घेतला होता. त्याच्या दोन प्रती होत्या. गुरूंनी आज्ञा केली, दोन्ही जाळा. जाळल्या! आज तो ग्रंथ ‘जळालेला ग्रंथ’ याच नावाने ओळखला जातो. पुढे काफ्काने जाळायला सांगितलेले त्याच्या मित्राने, माक्स ब्रोडने, छापले आणि जगाने त्याचे आभार मानले. नाथानने तो ग्रंथ पुन्हा उभा करून छापला नाही. आमच्यातला अभ्यासक हळहळतो, पण त्याला दोष द्यायला जीभ रेटत नाही. ज्याने एवढे अक्षर अक्षर जपले, त्याला या राखेची किंमत आपल्यापेक्षा जास्तच कळत असणार.

नाखमन १८१० मध्ये उमानला वारले. त्यांच्या गादीवर कुणी बसले नाही, नाथानही नाही. तो छापण्याच्या खटपटीत राहिला. १८१५ मध्ये गुरूंच्या कथा निघाल्या, वर हिब्रू आणि खाली यिद्दिश, म्हणजे हिब्रू न येणाऱ्यालाही वाचता याव्यात. त्यातली शेवटची कथा सात भिकाऱ्यांची. लग्नाच्या मेजवानीत रोज एक भिकारी येतो आणि आपली हकिकत सांगतो. सहा झाले. सातव्याची गोष्ट गुरूंनी सांगितलीच नव्हती. नाथानने ती रचून घातली नाही. तिथे कथा तशीच तुटलेली आहे.