जंगल राखले गावाने, लाकूड विकायचे कोणी? : आशियातील लोकवनांचा अनुभव

दक्षिण आणि आग्नेय आशियातील देशांनी लोकसहभागातून जंगल राखण्याचे जे प्रयोग केले, त्यांच्या अनुभवांची देवाणघेवाण व्हावी, या हेतूने १९८७ मध्ये बँकॉकच्या कासेत्सार्त विद्यापीठाच्या आवारात ‘रेकॉफ्टक’ ही प्रादेशिक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. त्यानंतरच्या काळात वनाधिकारी, कार्यकर्ते आणि गावांचे प्रतिनिधी एकमेकांच्या देशांतील जंगले पाहत आले आहेत. या देवाणघेवाणीतून समित्यांची रचना, आराखड्यांचे नमुने आणि प्रशिक्षणाच्या पद्धती एका देशातून दुसऱ्या देशात सहज पोहोचल्या. राखलेल्या जंगलातील माल विकण्याचा हक्क मात्र तितक्या सहजपणे पोहोचला नाही.

भारतात या प्रयोगांची सुरुवात पश्चिम बंगालमधील आराबारी येथून मानली जाते. १९७२ मध्ये तत्कालीन मिदनापूर जिल्ह्यातील या वनक्षेत्रात वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी ११ गावांतील ६१८ कुटुंबांना सुमारे १,२७२ हेक्टर उजाड सालवनाच्या राखणीत सहभागी करून घेतले. साल हा तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटणारा वृक्ष आहे. चराई आणि सरपणासाठीची तोड थांबली, तर नव्या लागवडीवाचूनही वन उभे राहते. गावकऱ्यांना वनकामात रोजगार आणि अंतिम तोडीच्या उत्पन्नात २५ टक्के वाटा, असा हा करार होता. १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण आणि १ जून १९९० चे केंद्र सरकारचे परिपत्रक यांनंतर संयुक्त वनव्यवस्थापन देशभर पसरले. पण हा कार्यक्रम मुख्यतः उजाड झालेल्या वनांपुरता होता आणि विक्रीची सूत्रे वनखात्याकडेच राहिली. वाटा गावाला मिळाला. त्याची किंमत ठरवण्याचा अधिकार मिळाला नाही.

नेपाळने वेगळी वाट धरली. १९५७ मध्ये खासगी वनांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर डोंगरातील जंगलांना कोणी वाली उरला नव्हता. १९९३ च्या वन कायद्याने वन उपभोक्ता समूहांना स्वायत्त संस्थेचा दर्जा दिला आणि वनोपजाचा दर ठरवण्याचा व ते विकण्याचा अधिकारही दिला. आज तेथे २२ हजारांहून अधिक समूह आहेत. उपग्रह प्रतिमांवर आधारित अभ्यासानुसार १९९२ मध्ये देशाचे सुमारे २६ टक्के असलेले वनाच्छादन २०१६ पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. या वाढीचे सारे श्रेय समूहांना देणे अतिशयोक्तीचे ठरेल. मजुरीसाठी परदेशी गेलेल्या तरुणांमुळे ओस पडलेल्या शेतांतही झाडे वाढली. तरीही डोंगरातील गावांनी उभी केलेली राखण हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

नेपाळच्याच तराईतील चित्र मात्र निराळे आहे. तेथील साल मौल्यवान आहे आणि लाकडाला बाजार जवळ आहे. तराईतील सलग मोठी वने समूहांकडे सोपवण्यास सरकार अनुत्सुक राहिले आणि साल व खैराच्या व्यापारी विक्रीवर राजस्वाची मागणी झाली. एकाच देशात कमी उत्पन्नाचे जंगल लोकांकडे गेले आणि भारी लाकडाच्या जंगलावर शासनाने हात ठेवला.

फिलिपिन्समध्ये हाच प्रश्न परवान्याच्या रूपाने पुढे आला. १९९५ च्या कार्यकारी आदेश क्रमांक २६३ नुसार तेथे गावसंघटनांशी २५ वर्षांचे, पुढे आणखी २५ वर्षे वाढवता येणारे करार करण्यात आले. मात्र २०११ मध्ये नैसर्गिक वनांतील वृक्षतोडीला देशभर स्थगिती देण्यात आली. बेकायदा तोड रोखण्यासाठी घेतलेला हा निर्णय समजण्याजोगा होता. परंतु वर्षानुवर्षे राखण करून कायदेशीर तोडीची वाट पाहणाऱ्या संघटनाही त्यातून सुटल्या नाहीत.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने हा वाद बांबूवरून लढवला. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्यात बांबूचा समावेश गौण वनोपजात आहे, तर १९२७ च्या भारतीय वन कायद्यात तो २०१७ पर्यंत वृक्ष ठरत होता. या विसंगतीमुळे वाहतूक परवाना कोणी द्यायचा, हा पेच पडला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली. विकण्याचा हक्क कागदावर असला, तरी माल गावाबाहेर नेण्याच्या चिठ्ठीवर सही कोणाची, यावर त्याचे मोल ठरते.

मेंढ्यात सहमतीने निर्णय घेण्याच्या पद्धतीला अभ्यासगटाची जोड आहे. कायदे, दर आणि कागदपत्रे आधी तेथे समजून घेतली जातात. बाहेरचे जाणकार येतात, पण निर्णय ग्रामसभेतच होतो. गावाने गावाकडून शिकण्याची ही रीत पुढे कोरची तालुक्यातील ग्रामसभांच्या महाग्रामसभेतही दिसली. नेपाळमध्ये हेच काम १९९५ पासून समूहांचा महासंघ ‘फेकोफन’ करतो आणि गरज पडल्यास सरकारच्या आदेशांविरुद्ध रस्त्यावरही उतरतो. ही ताकद कोणत्याही प्रशिक्षण वर्गात मिळत नाही.

आग्नेय आशियात कायद्याची वाटचाल संथ आहे. इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने मे २०१३ मध्ये रूढीने चालत आलेली सामूहिक वने ही सरकारी वने नव्हेत, असा निकाल दिला. पण प्रत्येक समूहाला स्वतंत्र मान्यता घ्यावी लागत असल्याने प्रत्यक्ष वाटप मागे राहिले. ज्या थायलंडच्या राजधानीतून हे धडे साऱ्या प्रदेशाला दिले जात होते, तेथे सामूहिक वन कायदा संमत व्हायला २०१९ उजाडले, आणि राष्ट्रीय उद्याने व अन्य संरक्षित क्षेत्रांत राहणारी गावे त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.