शाळेचे अंगण, शहराचे मैदान

न्यूयॉर्क म्हटले की गगनचुंबी इमारती आठवतात; तेथील मुलांना खेळण्यास जागा कशी मिळाली, हा विचार सहसा कुणी करीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोअर ईस्ट साइड भागात स्थलांतरितांच्या चाळींची एवढी दाटी होती की मुलांचे खेळ घोडागाड्या चुकवीत भर रस्त्यात चालत. पत्रकार जेकब रीस यांनी याविरुद्ध लेखणी झिजवली. १८९५ साली कायदा झाला की, यापुढे शहरात खुल्या क्रीडांगणावाचून शाळा बांधू नये. परंतु जमिनीचा भाव कायद्याला कोठे जुमानतो? शाळा-इमारतींचे प्रमुख सी. बी. जे. स्नायडर यांनी काही ठिकाणी थेट गच्चीवरच क्रीडांगणे केली.

खरा पेच निराळाच होता. शाळांच्या जागा शिक्षण मंडळाच्या ताब्यात आणि सार्वजनिक उद्याने उद्यान विभागाकडे. शाळा सुटली की अंगणाला कुलूप. तीच मुले फाटकाबाहेर. कुलूप उघडावे, तर देखरेख कुणी करावी आणि मोडतोडीचा खर्च कुणाच्या खाती मांडावा? आम्हा व्यापाऱ्यांना हा वाद अपरिचित नाही. भागीदारीत नफ्यापेक्षा झाडलोटीवरूनच अधिक भांडणे होतात!

१९३८ साली तोडगा निघाला. रॉबर्ट मोझेस हे १९३४ पासून उद्यान आयुक्त होते. वस्त्या पाडून महामार्ग काढणारे म्हणून पुढे त्यांच्यावर कठोर टीका झाली, ती अनाठायी नव्हे. पण हा करार मात्र चोख होता. मंडळाने शाळेलगतची जमीन द्यावी, उद्यान विभागाने क्रीडांगण बांधून त्याची निगा राखावी. शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांनी व एरवी सर्व नागरिकांनी ते वापरावे. मंडळाचा बांधणीचा खर्च वाचला, उद्यान विभागाची जमीनखरेदी वाचली. १९३४ मधील ११९ क्रीडांगणांची संख्या १९६० पर्यंत ७७७ झाली. त्यांत या संयुक्त क्रीडांगणांचाही वाटा होता.

तरीही असंख्य शालेय अंगणे कराराबाहेर, कुलपातच राहिली. प्रत्येक नागरिकाला पायी दहा मिनिटांच्या आत मोकळी जागा मिळावी, असे उद्दिष्ट २००७ साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी मांडले, तेव्हा या अंगणांकडे पुन्हा लक्ष गेले. काही ठिकाणी फाटक उघडून माणूस नेमणे एवढेच पुरेसे होते. इतरत्र डांबरी अंगणात झाडे लावली गेली, खेळांची साधने बसवली गेली आणि आराखडे आखताना शाळेतील मुलांचेही मत विचारात घेतले गेले.