जुनं घर घ्या, दुरुस्त करा, विका: सावकाराच्या पैशाशिवाय पहिला व्यवहार

बेगम पेठ, विजापूर वेस अशा सोलापूरच्या जुन्या भागात डागडुजीला आलेली घरं विक्रीला निघतात. असं घर घेऊन, नीट करून विकणं हा हलाल धंदा आहे. अडतं ते भांडवलापाशी. सावकाराचं व्याज दरमहा चढतं. विक्री लांबली की नफा त्यातच जातो. तारण म्हणून खरेदीखत करून दिलं असेल तर घरही जाऊ शकतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. परवाना असला तरी व्याज ते व्याजच.

मग पैसा कुठून आणायचा?

1) मालकच भागीदार: घर मालकाच्याच नावावर राहतं, दुरुस्तीचा खर्च तुमचा. विक्रीनंतर कोणाला किती, हे वकिलाकडून आधीच लिहून घ्या. घर विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे तुमचं मुद्रांक शुल्क वाचतं.

2) मुशारका: नफा ठरल्याप्रमाणे, तोटा मात्र भांडवलाच्या प्रमाणात. समजा एकाचे 10 लाख, दुसऱ्याचे 6 लाख. दुरुस्तीची देखरेख दुसऱ्याकडे, म्हणून नफा निम्मा-निम्मा ठरला. घर 18 लाखांना गेलं तर दोघांना एकेक लाख. 15 लाख 20 हजारांनाच गेलं तर पहिल्याला 50 हजार, दुसऱ्याला 30 हजार तोटा. "काही होवो, महिन्याला अमुक रुपये" असं ठरलं, तर ती भागीदारी नव्हे, व्याजच.

3) कर्ज-ए-हसना: नातेवाइकांकडून बिनव्याजी. जेवढं घेतलं तेवढंच परत. रक्कम आणि मुदत साक्षीदारांसमोर लिहा. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत हाच हुकूम आहे.

विसार देण्याआधी मिळकत पत्रिका, 30 वर्षांचा शोध अहवाल आणि घरपट्टीची थकबाकी बघा. मूळ मालक वारले असतील तर बेवा आणि मुलींसह सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. बहिणीचा हिस्सा डावलून घेतलेलं घर शरीयतमध्येही चालत नाही, कोर्टातही अडकतं.

विसार असो वा उसने, 20 हजार किंवा जास्त रक्कम रोखीने घेऊ नका. बँकेतूनच व्यवहार करा, नाहीतर तेवढाच दंड बसू शकतो. घर 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो.

मेहर, हजचे पैसे किंवा राहतं घर यात लावू नका. घर वर्षभर विकलं नाही तरी चूल पेटती राहील, एवढाच पैसा पहिल्या व्यवहारात घाला.