पेवाचा खळगा

आमच्या अंगणात, गोठ्याच्या कडेला एक खळगा आहे. पावसात त्यात पाणी साचतं, नातवंडं कागदाच्या होड्या सोडतात. सून दरवर्षी म्हणते, "मामा, दोन ट्रॉली मुरूम टाकून हे भरून घ्या की." मी हूं म्हणतो आणि विसरतो. त्या खळग्याच्या जागी आमचं पेव होतं.

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. वर तोंड एवढंसं, एक माणूस कसाबसा उतरेल इतकं. आत मात्र रांजणासारखं पोट. बुडाला आणि कडेनं कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. आत हवा खेळत नाही म्हणून कीड जगत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर नावाजलेली. पण तीच हवा माणसालाही मारते. आजी म्हणायची, "पेव उघडल्या उघडल्या आत डोकं घालायचं न्हाई. आधी कंदील सोडायचा. कंदील इझला तर माणूस बी इझतो."

72 च्या दुष्काळात मी 12 वर्षांचा होतो. आमचा कृष्णाकाठ कसाबसा तग धरून होता, पण जत-आटपाडीकडं प्यायला पाणी नव्हतं. जतची आत्या पाच पोरं आणि दोन बैल घेऊन दारात आली. तिकडं माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर जात होती. रेशनवर परदेशातली लाल मिलो मिळायची. आजीनं आबांना पेव उघडायला लावलं. ज्वारी चार वर्षांची. कडेची काळी पडलेली, भाकरीला आंबूस वास. आम्ही पोरं नाक मुरडायचो. आजी म्हणायची, "वास खायचा नसतो, भाकरी खायची असती." त्या पेवावर दोन घरांची चौदा माणसं पुढच्या सुगीपर्यंत जगली. तेव्हापासून आमच्या घरात एकच शास्त्र: जमिनीत ठेवलेलं जात नाही.

2005 च्या जुलैअखेरीस कृष्णा चढली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फुटांची. पाणी 53 फुटांच्या वर गेलं. पेवात बारा पोती शाळू होता. बायकोनं दोनदा सांगितलं, "वर काढूया." मी म्हणालो, "आबांच्या पेवाला काय हुत न्हाई." पाणी दारातनं यायच्या आधी जमिनीतनं आलं. आम्ही जनावरांची दावी सोडली, पोरं खांद्यावर घेतली आणि उंचावरच्या शाळेत गेलो. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला घोटभर नाही. धाकट्याला हगवण लागली. घरात बारा पोती ज्वारी असलेला माणूस मी, पण हाताशी चिमूटभर मीठ-साखर नव्हती. एका बाईनं आपल्या गाठोड्यातली दिली. बायको रात्रभर चमच्यानं पाणी पाजत बसली, म्हणून पोरगं हाती लागलं.

परतलो तेव्हा पेव खचलं होतं. शाळू कुजून वास मारत होता. कॉटखालच्या ट्रंकेत जमिनीचे कागद होते, त्यांचा लगदा झाला होता.

मग मी शहाणा झालो. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, तिच्या वर माळा होता. कागद, धान्य, सगळं माळ्यावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये आम्ही माणसं-जनावरं वेळेत बाहेर काढली आणि सामान माळ्यावर ठेवून निर्धास्त राहिलो. त्या वेळी आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. माळा पाण्यात.

तेव्हा कळलं. आजीनं दुष्काळ बघितला होता, म्हणून तिनं बेगमी जमिनीत पुरली. मी एक पूर बघितला, म्हणून माळ्यावर चढवली. दोघांनीही येऊन गेलेल्या संकटाचीच तयारी केली. येणारं संकट काही मागच्याची रेघ बघून येत नाही.

आता मृगाच्या आधी आमच्याकडं घट्ट झाकणाचं एक निळं पिंप भरतात. दोघांनी उचलेल एवढंच. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, रेशनकार्ड, आधार, पासबुकं. बॅटरी, काडेपेटी, दोर. भडंग, भाजके शेंगदाणे, गूळ. पाणी शुद्ध करायचं औषध, बायकोच्या बीपीच्या गोळ्या. शेजारी प्यायच्या पाण्याचे दोन कॅन. पाणी वाढतंय असं कळलं की हे सगळं आधी ट्रॉलीत चढतं, मग आम्ही. थोडं धान्य थोरल्या मेव्हण्याकडं, उंचावरच्या गावात ठेवलेलं असतं.

पिंप सून भरते. पण मीठ-साखरेची पुडी धाकटा स्वतः बांधतो, त्याला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. झाकण लावायच्या आधी पुन्हा एकदा हात घालून चाचपतो.

मुरूम टाकायचा मात्र यंदाही राहिला.