मत मोजायचे कशाने?

९ डिसेंबर २०१८ च्या रविवारी अहमदनगर महानगरपालिकेसाठी मतदान झाले. (जिल्ह्याचे नाव पुढे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले.) १७ प्रभागांतून ६८ नगरसेवक निवडायचे होते, म्हणजे एका प्रभागातून चार. मतदाराने केंद्रात जाऊन एकदा नव्हे, चारदा बटण दाबायचे होते. अ, ब, क, ड अशा चार जागा. प्रत्येक जागेची उमेदवारांची यादी वेगळी, आणि गोंधळ होऊ नये म्हणून याद्यांच्या कागदाचे रंगही वेगळे: पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा.

तुमच्यापैकी अनेकांनी निवडणुकीची ड्यूटी केली असेल. लोकसभेच्या केंद्रावर मतदार आत जातो, एक बटण दाबतो, 'पीं' असा आवाज येतो आणि तो बाहेर पडतो. महापालिकेच्या केंद्रावर मात्र पहिले बटण दाबून निघालेल्या आजोबांना "बाबा, अजून तीन राहिली" असे सांगून परत वळवावे लागते. आडोशाआड डोकावता तर येत नाही, आणि रांग खोळंबलेली असते. अशा वेळी मनात येते, हे यंत्र कोणी, कोणत्या निवडणुकीसाठी बनवले? त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागेल.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात शंभरातली सुमारे अठरा माणसे साक्षर होती. नाव वाचून खूण करा असे बाकीच्यांना सांगता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी ठेवली गेली. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने मतपत्रिकेवर काहीही लिहायचे नाही, ती फक्त आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. एकेका केंद्रावर उमेदवार असतील तितक्या पेट्या! मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातच बारा लाखांहून अधिक पोलादी पेट्या तयार झाल्या. मोजणीच्या वेळी काही पेट्यांतून मतपत्रिकांबरोबर फुले, नाणी आणि गाऱ्हाण्यांच्या चिठ्ठ्याही निघाल्या. चिन्ह लावलेली बंद पेटी आणि देवळातली दानपेटी यांत फार फरक वाटला नसावा. मला त्या लोकांना हसावेसे वाटत नाही. त्यांनी ती पेटी आपल्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतली होती.

या पद्धतीत दोन खोट होत्या. कोरी मतपत्रिका खिशात घालून बाहेर आणता येई आणि विकता येई. विकत घेणारा तशा अनेक पत्रिका एका माणसाकरवी एकदम पेटीत टाकून घेऊ शके. दुसरी खोट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. त्या काळी काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते. तिथे मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. आता कोणी दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या, तर पेटी ते अडवणार कशी? एका माणसाने एकाहून अधिक मते द्यायची ठरली की साधन अडचणीत येते, हा धडा तेव्हाचा आहे.

१९६२ च्या निवडणुकीपर्यंत पेट्यांची ओळ गेली आणि सर्व उमेदवारांची नावे-चिन्हे असलेली एकच मतपत्रिका आली. तिच्यावर रबरी शिक्का मारायचा. हा शिक्का फुलीचा का नाही, हे वर्गात विचारण्यासारखे आहे. मतपत्रिका घडी घालून पेटीत टाकतात. शाई ओली असेल तर समोरच्या भागावरही ठसा उमटतो. मग मोजणाऱ्यापुढे दोन ठसे, दोन उमेदवारांच्या समोर. खरा कोणता? साध्या फुलीची आरशातली प्रतिमा फुलीच असते, त्यामुळे काहीच कळणार नाही. पण शिक्क्यात एकाच दिशेने वळलेले चार बाण असतील, तर घडीमुळे उमटलेल्या ठशात ते उलट दिशेला वळलेले दिसतात. मूळ ठसा चटकन ओळखता येतो. अर्धा बटाटा कोरून त्यावर असे बाण करा, पाण्यात कालवलेला रंग लावा, कागदावर उमटवून लगेच घडी घाला. आरशातील प्रतिमेवरचा धडा यापेक्षा सोपा करून सांगणे अवघड आहे.

ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांच्या निवडणुकाही पुढे अनेक वर्षे याच शिक्क्यावर झाल्या. कागदाची तक्रार एकच होती: बाद मते. दोन नावांच्या मधल्या रेघेवर शिक्का, दोन ठिकाणी शिक्का, शिक्क्याऐवजी अंगठा. जिथे दोनशे-चारशे मतांत निकाल लागायचा, तिथे दहा बाद मतांवरून दिवसभर वाद चालू शकतो.

यंत्र पहिल्यांदा वापरले गेले ते केरळात, परूर विधानसभा मतदारसंघात, १९ मे १९८२ रोजी. ८४ पैकी ५० केंद्रांवर यंत्र, बाकी ठिकाणी कागद. सिवन पिल्ले १२३ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले, आणि ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवरचे मतदान रद्द ठरवले. यंत्र बिघडले होते असे न्यायालयाने म्हटले नाही. कायद्यात मतपत्रिका आहे, यंत्र नाही, एवढाच मुद्दा होता. फेरमतदान कागदावर झाले आणि जोस निवडून आले. त्यानंतर १९८८ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. तंत्र तयार असणे आणि ते वापरायला समाजाने मान्यता देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडते.

या यंत्राची रचना खरोखर साधी आहे. मतदारापुढचे बॅलट युनिट आणि अधिकाऱ्यापुढचे कंट्रोल युनिट, मध्ये पाच मीटरची वायर, आणि चालते बॅटरीवर, म्हणून वीज नसलेल्या वाडीवरही चालते. यंत्राला रूप देण्यात मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या अध्यापकांचा हात होता. अधिकाऱ्याने एक कळ दाबली की यंत्र एका मतापुरते उघडते. मत पडले की पुन्हा बंद होते. मतदाराने तेच बटण दहा वेळा दाबले तरी मत एकच. बाद मत उरतच नाही. एक माणूस, एक प्रश्न, एक उत्तर: विधानसभा आणि लोकसभा यांसाठी हे कुलूप अगदी बरोबर बसते.

आता पुन्हा नगरला येऊ. स्थानिक निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर प्रत्येक राज्यात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आले. महाराष्ट्रात ते १९९४ मध्ये. या आयोगापुढचा प्रश्न वेगळा आहे. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांचे मतदान एकाच वेळी, म्हणजे दोन मते. ग्रामपंचायतीच्या प्रभागात दोन किंवा तीन सदस्य, आणि सरपंच थेट जनतेतून निवडायचा असेल तर त्याचे आणखी एक. (ही थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली, मतदारांना समजावून सांगणाऱ्या शिक्षकांची दमछाक होणारच.) महापालिकेत चार. म्हणून यंत्रातले कुलूप बदलावे लागले. प्रत्येक जागेसाठी एक कुलूप, आणि त्या सगळ्यांवर मिळून एक मोठे कुलूप. अ जागेसाठी दुसरे बटण दाबले तर ते नोंदले जात नाही. पण ब, क, ड यांची मते पडल्याशिवाय त्या मतदाराचे मतदान पूर्ण होत नाही. १९५२ च्या पेटीला जे जमले नाही ते हे यंत्र करते.

पण याची किंमत आहे. कागदावर चारपैकी दोन जागांवरच शिक्का मारून मतदार घरी जाऊ शकत होता. इथे प्रत्येक जागेचे काहीतरी उत्तर द्यावेच लागते, निदान 'वरीलपैकी कोणीही नाही' हे तरी. हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर आला. लोकसभेत त्याला कितीही मते पडली तरी निकाल बदलत नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र ६ नोव्हेंबर २०१८ रोजी आदेश काढला, की स्थानिक निवडणुकीत या पर्यायाला सर्वाधिक मते मिळाली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. महिनाभरानंतरच्या अहमदनगर आणि धुळे महापालिकांच्या निवडणुका या नियमाखाली झालेल्या पहिल्या निवडणुकांपैकी होत्या. यंत्रावरचे एक बटण तेच राहिले आणि त्याचा अर्थ बदलला.

याच जिल्ह्यात कागदानेही अलीकडे मोठे काम केले आहे. पारनेर तालुक्यातले निघोज आपल्याला कुकडी नदीतल्या रांजणखळग्यांसाठी माहीत असते. सहली तिथे जातात. २०१६ मध्ये तिथल्या महिलांनी दारूबंदीसाठी मतदान केले आणि बाटली आडवी केली. या मतदानात चिन्हे दोनच: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. एकच वस्तू दोन स्थितींत दाखवून हो आणि नाही सांगणारे यापेक्षा बोलके चिन्ह मी पाहिलेले नाही. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर हे मतदान घेता येते, आणि यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतांपैकी नव्हे, यादीतल्या. आकडे घालून पाहा. समजा यादीत २००० महिला आहेत, ११०० आल्या, आणि ९९० जणींनी बाटली आडवी केली. झालेल्या मतांचे हे ९० टक्के झाले. तरी दुकान चालूच राहते, कारण १००१ मते हवी होती. घरी राहिलेली प्रत्येक बाई, तिची इच्छा असो वा नसो, उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. साधन कितीही चांगले असले तरी छेदात काय धरायचे हे कोणीतरी आधी ठरवलेले असते.

गावपातळीवर आणखी एक गोष्ट नाजूक असते, ती म्हणजे गुप्तता. लोकसभेला लाखो मतदार असतात. ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात काही शेच. यंत्र केंद्रनिहाय आकडे सांगते. कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे दुसऱ्या दिवशी पारावर सगळ्यांना ठाऊक असते, आणि मग पाण्याचा टँकर कोणत्या वस्तीवर उशिरा जाईल हेही. कागदाच्या काळात निरनिराळ्या पेट्यांतल्या पत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळता येत. यंत्रांतले आकडे असेच मिसळून फक्त बेरीज दाखवणारे 'टोटलायझर' नावाचे उपकरण भारत निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले, २०१५ मध्ये विधी आयोगानेही त्याची शिफारस केली; केंद्र सरकारने ते स्वीकारले नाही. माझ्या मते त्याची खरी गरज लोकसभेपेक्षा ग्रामपंचायतीलाच होती.

राहिला फेरमोजणीचा प्रश्न. स्थानिक निवडणुकीत फरक फार थोडा असतो. समान मते पडली तर चिठ्ठी टाकतात. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० चा निकाल असाच लागला. एका मताने हरलेल्या माणसाने फेरमोजणी मागितली तर कागद पुन्हा मोजता येतो. यंत्राला पुन्हा विचारले तर ते तोच आकडा पुन्हा सांगते. यासाठीच २०१३ पासून, प्रथम नागालँडच्या नोकसेन मतदारसंघात, यंत्राला छापील चिठ्ठीची जोड मिळाली. मतदाराला ती काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर अहमदनगर मतदारसंघातल्या पराभूत उमेदवाराने ४० केंद्रांवरची यंत्रे तपासण्याची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये तसा मार्ग खुला केला होता.

हीच सोय त्याच नगरकराला महापालिकेच्या केंद्रावर नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेच्या एका प्रभागात चिठ्ठीचा प्रयोग करून पाहिला, पण ती सर्वत्र आली नाही. अडचण पुन्हा तीच: चिठ्ठीचे यंत्र एका मतासाठी रचलेले आहे. चार मते म्हणजे चार चिठ्ठ्या, चार वेळा सात सेकंद, आणि मोजणीत चारपट कागद. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी तिथली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली. मतमोजणीची पडताळणी विशेष ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकालाही करता आली पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. आपल्याकडे उत्तर प्रदेशने २०२१ च्या पंचायत निवडणुका कागदावरच घेतल्या. तिथे बाद मते झाली, मोजणी लांबली. पण हरलेल्याला समोर गठ्ठा दाखवता येत होता.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्यात अहिल्यानगरही होते. पुन्हा चार जागा, पुन्हा चार रंग. छापील चिठ्ठी नव्हती.